वाचलेल्यांचे वैरी

"अपघातातून वाचलेला माणूस खोटं बोलतोच," असं म्हणत काका चष्मा कपाळावर ढकलायचे आणि माझ्या दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसायचे. ती गिऱ्हाइकांसाठी होती. गिऱ्हाईक उभं राहायचं.

मुलुंडला माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. काका आमच्याच सोसायटीतले, रोज अकराला यायचे. विमा कंपनीत आयुष्यभर अपघाताचे दावे तपासले, त्यामुळे समोरचा लबाडच असणार, हे धरून चालायची सवय. निवृत्तीनंतर जिवंत माणसं हाताला लागेनात, तेव्हा त्यांनी मेलेली धरली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पडलेली लष्करी विमानं आणि त्यांतून पॅराशूटने सुटलेले लोक, यांवर ते पुस्तक लिहीत होते. टाइप मी करत होतो.

असला एक माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. प्रत्येक सभेत उठून मागच्या सभेचं इतिवृत्त चुकीचं आहे म्हणणारा.

चौकशीचे जुने अहवाल त्यांनी कुठून कुठून मागवले होते. पेटत्या विमानातून कोणी उडी मारली की यांची उलटतपासणी सुरू. "उंची किती होती? मग आणखी अर्धं मिनिट का नाही थांबला? लिही, पळपुटा." स्वतः जन्मात विमानात बसले नव्हते. दुकानाच्या तीन पायऱ्या उतरताना कठडा धरायचे. एकदा मी तसं बोलून दाखवलं.

"तू लग्नाचे बायोडेटा टाइप कर," ते म्हणाले. "तिथे खोटं चालतं."

माहिती मिळावी म्हणून त्यांनी अपघातांची यादी देऊन पेपरात पत्र छापून आणलं. पत्ता माझ्या दुकानाचा, मला न विचारता.

ते वाचून भांडुपहून एक आजी आल्या. मूळच्या मालवणकडच्या, ऐंशीच्या पुढच्या. पत्रातल्या एका अपघातावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या विमानात माझे बाबा होते. मागच्या सीटवर. मेकॅनिक."

काकांना तो अहवाल पाठ होता. "साहेबाने उडी मारायचा हुकूम दिला, असं सांगितलं त्यांनी चौकशीत. तो साहेब, म्हणजे पायलट, तर मेला. विचारणार कोणाला?"

काकांना धरून पायऱ्यांवरून खाली ढकलावं, असं मला वाटलं.

"हुकूम नव्हताच," आजी म्हणाल्या. "ताच सांगूक इलंय."

बाबांनी शेवटच्या आजारात त्यांना एकटीला सांगितलं होतं. इंजिनाने पेट घेतला तेव्हा साहेबाने हात वर केला होता, थांब म्हणून. बाबा थांबले नाहीत. छत्रीला लटकून खाली येताना त्यांनी विमान डोंगरावर आपटताना पाहिलं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचा संशय खरा ठरला होता. आता हे माझ्याकडे टाळी मागणार, याची मला खात्री होती.

"वय काय होतं त्यांचं?" त्यांनी विचारलं.

"एकवीस."

काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. मग मला म्हणाले, "ते पान काढ. पळपुटा खोड."

"रवांदे," आजी म्हणाल्या. "बाबा स्वतःला तोच शब्द लावायचे."

आजी तोवर उभ्याच होत्या. काका उठले, खुर्ची त्यांच्याकडे सरकवली आणि त्या सांगतील तसं मला टाइप करायला लावलं. एका शब्दाला हात लावला नाही. त्यांचा पत्ता लिहून घेतला. "आणखी आठवून ठेवा. मी घरी येतो."

त्याच आठवड्यात काकांना हार्ट अटॅक आला आणि ते गेले. मुलगा दुकानात आला. "ते विमानांचं सगळं डिलीट करून टाका. घरात वैताग होता नुसता."

असणारच. मलाही फार वाईट वाटलं नाही. उद्धट माणूस होता, हे माझं मत आजही आहे. पण डिलीट केलं नाही. आजींनी सांगितलेलं तेवढं छापून भांडुपला पाठवलं.

त्यांचा फोन आला. "काका कधी येतले? बरंच आठवलंय मला."

मी सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी वाजली, तरी त्या फोनवरच होत्या.

"मगे आता कोणाक सांगू?"

"रविवारी दुकान बंद असतं," मी म्हटलं. "मी येतो."