जाड तेल

माझी आत्या टॅक्सी चालवते आणि गाडीची तब्येत आवाजावरून ओळखते. ती तापाने झोपली असताना बाबांनी इंजिनाची खडखड थांबावी म्हणून तिला न विचारता त्यात जाड तेल भरलं. झाकणावर पातळ तेलाचा नंबर ठळक लिहिलेला होता.

गारठ्यात सकाळी आत्याने चावी फिरवली, तर इंजिन कण्हलं आणि तेलाचा लाल दिवा विझेना. तिने चावी उपटली.

"जुन्या गाडीला जाडच तेल लागतं," बाबा म्हणाले. "खडखड गेली की नाही?"

"गेली कुठे? तू तिचं तोंड दाबलंस, दादा! थंडीत हा चिकटा वर चढेपर्यंत इंजिन कोरडं घासतं. त्यावर माझं पोट आहे."

"चांगलं करायला गेलो, तर..."

"विचारलं असतंस, तर जीभ झिजली असती?"

अंगात कणकण असूनही ती गाडीखाली शिरली. जाड तेल संथपणे गळत होतं, आणि घमेलं तिने बाबांनाच धरायला लावलं. पातळ तेल भरून गाडी चालू केल्यावर जुनी खडखड परत आली. आत्याने बॉनेटवर कान टेकला.

बाबांनी तोंड उघडलं.

"तू नाही," ती म्हणाली. "आता हिला बोलू दे."