माझाच मुलगा

कोणाची स्तुती करून झाली की मामा हातातली पळी खाली ठेवत. "माणूस सोन्यासारखा. पण खोटं कशाला, घोरतो रेड्यासारखा." आपल्याही ओळखीत असे एखादे गृहस्थ असतील, त्यांच्याकडून कौतुक स्वीकारताना मनुष्य जरा सावध असतो.

दुबईत, जबल अलीतल्या आमच्या गोदामाच्या मेसमध्ये ते स्वयंपाक करीत. एकदा नव्या मुलांना माझ्याविषयी सांगत होते, "साहेब देवमाणूस. पण खोटं कशाला, आमटीला नावं ठेवतात आणि पुन्हा वाढून घेतात." मी मागेच उभा होतो. जराही न ओशाळता म्हणाले, "यल्ला साहेब, चला, ताट घ्या."

त्यांचा एकुलता मुलगा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये कारखान्यात होता. खोलीतल्या सोबत्याशी भांडण झाले, त्याने ढकलले, मुलगा जिन्यावरून पडला आणि त्यातच गेला. गुन्हा सिद्ध झाला. शिक्षा ठरवण्याआधी न्यायालय वडिलांचे म्हणणे ऐकणार होते, आणि त्यावर पुष्कळ अवलंबून होते.

गाडीत मी त्यांना समजावले, "मामा, तो किती गुणी होता तेवढंच सांगा. त्याच्या रागाचं नको."

"गुणी होताच. पण आईवरून शिवी आधी त्यानेच घातली, साहेब. सगळी खोली सांगते."

"ते बोललात तर शिक्षा कमी होईल."

"होऊ दे. ज्याला राग येत नाही तो माझा पोरगा नव्हे. तिथे उभं राहून दुसऱ्याच कुणासाठी रडू काय?"

न्यायालयात ते हिंदीत बोलले. दुभाषा अरबीत सांगत गेला. मुलगा आईची नक्कल करून तिलाच हसवायचा, हे सांगितले. शिवीचेही सांगितले. मग म्हणाले, "ग़लती किया उसने. लेकिन गाली के लिए कोई मार डालता है क्या, साब?"

शिक्षा सौम्य झाली. संध्याकाळी मेसमध्ये फोनवर गावाकडच्या त्यांच्या पत्नीचा आवाज मलाही ऐकू आला. "मेलेल्या लेकराची चहाडी करून आलात?" त्यानंतर तिने त्यांचा फोन घेतला नाही.

गाडीत मी त्यांचे हित पाहत होतो, असे मी पुष्कळ दिवस मानले. आता तसे म्हणवत नाही. मला कठोर शिक्षा हवी होती, आणि त्या शिक्षेसाठी एक निर्दोष मुलगा हवा होता. त्यांना त्यांचाच हवा होता.

काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. विमानतळावर मी विचारले, "मामी बोलतात का?"

"छे. गेल्यावर भांडेल."

"मग थोडे दिवस थांबायचं होतं, मामा."

"भांडू दे की. त्याच्यावरून भांडायला तिला तरी दुसरं कोण आहे?"

ट्रॉलीवर दोन बॅगा होत्या, वरची मुलाची. ती घसरू नये म्हणून एका हाताने तिला धरून, वाकून ट्रॉली ढकलत ते आत गेले.