लायब्ररीतल्या झोपेची राखण

"वाचायचं तर वाचा, झोपायचं तर झोपा, बोलायचं असेल तर चहाच्या टपरीवर जा." आमच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालबाईंचं हे ठरलेलं वाक्य. त्यावरही कुणी कुजबुजलंच, तर त्या "शू" करत आणि परळपासून दादरपर्यंतचे कावळे गप्प बसत. हसू नका. मी त्यांच्या हाताखाली काउंटरवर होतो. माझे कान अजून दबकून असतात.

लायब्ररी इतकी जुनी, की पंखा लावला तर वाऱ्याआधी धूळ यायची. शेवटी एकदाचं नूतनीकरण मंजूर झालं. लोअर परळच्या ऑफिसातून एक तरुण आर्किटेक्ट आला. नकाशात काचाच काचा, संगणक, कॉफीचा कोपरा, वर नवा मजला.

बाईंनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "झोपायची जागा कुठाय?"

"मॅडम, लायब्ररीत कोण झोपतं?"

"या माझ्याबरोबर."

जुन्या जर्नलांच्या कपाटांमागे रात्रपाळी करून आलेले निवासी डॉक्टर वाळत घातलेल्या बोंबलांसारखे ओळीने पडले होते. एकाच्या छातीवर उशीएवढा ग्रंथ. तो वरखाली होत होता म्हणून खालचा माणूस जिवंत आहे, हे कळत होतं.

"हळू चाला," बाई म्हणाल्या. "हा सर्जन आहे. उद्या टेबलावर तुम्ही असाल. झोप झालेला बरा, की पेंगणारा?"

आर्किटेक्टचा हात आपसूक स्वतःच्या पोटावर गेला.

पण कपाटं हलणार होती आणि नव्या नकाशात जागा उरेना. "एकच खोली निघू शकते," तो चाचरत म्हणाला, "तुमची केबिन."

आता हा जिवंत परत जात नाही, असं मी धरून चाललो. त्या केबिनसाठी बाईंनी आजवरचे सगळे डीन रडवले होते.

"पडदे जाड लावा," बाई म्हणाल्या. "आणि दार कुरकुरता कामा नये."

मग निवृत्तीपर्यंत त्या माझं अर्धं टेबल घेऊन बसल्या. माझा डबा खिडकीत गेला. तक्रार करणार कुणाकडे?

निरोपसमारंभ नव्या दालनात, नेमका त्या झोपायच्या खोलीच्या दारासमोर. आतल्या डॉक्टरांना उठवायला मी निघालो, तर बाईंनी माझी बाही धरली. "अरे, माझ्यासाठी त्यांना उठवतोस?" आणि उठून माइकची पिनच काढली. डीनसाहेबांनी आख्खं भाषण कुजबुजत केलं. टाळ्यांच्या जागी आम्ही नुसते हात हलवले.

शाल-श्रीफळ सांभाळत बाई निघाल्या. नव्या फरशीवर चपला वाजू लागल्या, तशा त्यांनी त्या काढून हातात घेतल्या आणि त्या दारावरून अनवाणी गेल्या.