खिडकीची चिठ्ठी

हिंगोलीतल्या आमच्या घराला पूर्वेकडे एकच खिडकी होती आणि ती शेजाऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर उघडायची. तिच्याखाली मायची शिलाई मशीन. बाकी घरात भरदुपारी सुईत दोरा जात नसे, म्हणजे आमचं पोट त्या खिडकीवरच होतं म्हणा ना.

प्लॉट एका रिटायर गुरुजींचा. माणूस भला, पण पक्का. दर पाडव्याला माझ्यासाठी साखरेची गाठी आणि मायसाठी चिठ्ठी घेऊन यायचे. चिठ्ठीत एवढंच असे की या खिडकीचा उजेड मी गुरुजींच्या परवानगीने घेते, त्यावर माझा हक्क नाही. "उजेड खुशाल घ्या, बाई. हक्क तेवढा नको," असं वर हसून म्हणायचे. घर मायच्या नावावर, म्हणून अंगठा तिचा. तिसऱ्या पाडव्याला मात्र त्यांनी शाईच्या पॅडऐवजी पाटी आणली. महिनाभर मशीनशेजारी बसून तिचं नाव तिच्याकडून गिरवून घेतलं. त्या वर्षीची चिठ्ठी महिनाभर उशिरा झाली, पण सहीची झाली.

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. पुढे स्वतंत्र जिल्हा झाला आणि प्लॉटांना सोन्याचा भाव आला. गुरुजी वारल्यावर त्यांच्या मुलाने दुमजली दुकानं बांधायला काढली, थेट आमच्या भिंतीला चिकटून.

मी तोवर एका वकिलाचा कारकून झालो होतो. कायदा तोंडपाठ! बिनपरवानगी, बिनतक्रार वीस वर्षं उजेड घेतला की हक्क पडतो. परवानगीने घेतला तर कधीच नाही. वीस वर्षं आमची भरली होती. गुरुजींच्या पेटीला वाळवी लागून चिठ्ठ्यांची माती झाली होती, हेही मला कळलं होतं. आम्ही दावा लावला. मग मुलाकडून एक चिठ्ठी कोर्टात आली, कडा खाल्लेली, मजकूर आणि सही शाबूत.

वकीलसाहेबांनी मायला काही पढवलं नाही. पढवलं मी. "सही माझी न्हाई, एवढंच म्हण. बाकी आमी बघतो."

समोरच्या वकिलाने चिठ्ठी दाखवून विचारलं, "ही सही तुमची का?"

मायने अक्षरांवरून बोट फिरवलं. "व्हय, माझीच. पहिली हाय ही. तवा हात लई थरथरून राहिला होता."

दावा तिथंच बसला. मला तिचा राग आला, खरंच आला. व्हरांड्यात मी तिच्यावर खेकसलो, लोक बघत होते तरी. दोन महिन्यांत भिंत खिडकीच्या वर गेली. मशीन दाराबाहेर ओट्यावर आली, पावसाळ्यात शिवण बंद पडू लागलं, आणि मी तिच्याशी कामापुरतंच बोलत राहिलो.

एकदा न राहवून विचारलंच, "काहून बोललीस तसं? एक 'न्हाई' म्हणायला काय जात होतं तुझं?"

ती काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, "अख्ख्या जन्मात लिहायचं तेवढं एकच शिकले रे. तेच माझं न्हाई म्हणू?"

दुसऱ्या दिवशी कोर्टात गेल्यावर मी त्या चिठ्ठीच्या नकलेसाठी अर्ज टाकला.