सलीमबाबूंची दुसरी पाहणी

सलीमच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी पाळणाघराच्या दारात उभी राहून एका आईला रागावत होते. लेकराला उशिरा आणलं म्हणून. फोन कानाला लावला तर पलीकडून मुलगी म्हणाली, "मावशी, अब्बा गेले." सकाळची नमाज पढून घरी आले, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. मी त्यावर काय बोलले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मला आधी रडू आलं नाही, राग आला. सात महिने आमचा अबोला होता. भांडण असं अर्धवट टाकून निघून जायची ही काय रीत झाली? समोरची ती आई बिचारी अजून मान खाली घालून उभीच होती. तिला वाटलं, बाईंचं रागावणं संपलेलं नाही.

आम्ही दोघं डोणगावचे. त्याच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. माझ्या हातात पहिल्या बांगड्या त्यांनीच चढवल्या. सलीम शाळेत माझ्या चार वर्ग मागे. गुरुजी लहान पोरांचे पाढे म्हणून घ्यायचं काम मोठ्यांवर सोपवत, आणि ते काम मी इतक्या मनापासून करायची की माझ्या वाट्याची पोरं शाळा सुटायच्या आत रडकुंडीला येत. सलीमचं सतराच्या पाढ्याशी कधी जमलं नाही. "कुसुमताई, आज सतरा नको ना व," असं तो दारातूनच म्हणायचा. पुढे मी मास्तरीण झाले, तो नगरपालिकेत कारकून झाला, आणि नशिबानं दोघंही या कापसाच्या शहरात येऊन पडलो. तीसेक वर्षं कचेरी सुटली की तो माझ्या घरावरून जायचा, ओसरीवर टेकायचा, चहा प्यायचा आणि मग आपल्या घरी जायचा. माझे यजमान गेले तेव्हाही हा नेम मोडला नाही. काही बोलायचा नाही, नुसता बसायचा. त्या दिवसांत तेवढ्याचाच आधार होता.

पालिकेत त्याच्याकडे महिला-बालकल्याणाचं टेबल होतं. पालिका दरवर्षी उत्पन्नातला काही हिस्सा या कामासाठी बाजूला ठेवते. सूचनाफलकावर कागद लागतो, संस्थांचे अर्ज येतात, छाननी होते, मग कोणीतरी जागेवर जाऊन पाहणी करतो, ती टिपणी समितीपुढे जाते, आणि शेवटी ठराव होऊन यादी फलकावर लागते. शिवणवर्ग, मुलींचे कराटे, मसाले करणाऱ्या बायांचं प्रशिक्षण, पाळणाघर... मागणारे पुष्कळ आणि वाढायचं एकाच पातेल्यातून. सलीम म्हणायचा, "ताई, वाढप्यानं पंगतीत आपल्या पाव्हण्याकडं पाह्यचंच नाई. पाह्यलं का बुंदी तिकडंच सांडते." म्हणून त्यानं स्वतःसाठी एक नियम करून ठेवला होता. ज्याच्या घरचा चहा प्यालो त्याची पाहणी करायची नाही, आणि ज्याची पाहणी करायची त्याच्याकडे पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. पाण्याची बाटली तो स्वतःची घेऊन फिरायचा. लोक हसायचे. एका शिवणवर्गाच्या बाईनं सरबत पुढे केलं, तर हा पठ्ठ्या रोजा आहे म्हणाला आणि दारातच स्वतःच्या बाटलीतून पाणी प्याला. ती गोष्ट मी त्याला कितीदा ऐकवली असेल.

निवृत्तीनंतर मी पाळणाघर काढलं ते जिनातल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीतल्या, बायांसाठी. हंगामात त्या दिवसभर कापूस निवडतात, आणि तान्ही पोरं तिथंच कापसाच्या ढिगाशेजारी, उडणाऱ्या रुईत पडलेली असतात. मला ते पाहवलं नाही. जवळच एक हॉल मिळाला, दोन मदतनीस ठेवल्या, आणि पालिकेच्या अनुदानावर गाडं चालू लागलं. सलीम माझा चहा पिणारा, म्हणून माझी पाहणी त्याच्या कचेरीतले दुसरे एक बाबू करत. ते येत, हजेरीपट बघत, चिवडा खात, पोरांना गुदगुल्या करत आणि जात. माझं काम चोख आहे यात मला कधी शंका नव्हती. दार सकाळी नऊला उघडायचं आणि संध्याकाळी पाचला बंद. पाच म्हणजे पाच. शाळेत आयुष्य गेलेलं, घंटा अंगात मुरलेली.

गेल्या दिवाळीनंतर सलीमचं येणं बंद झालं. रस्त्यानं जाताना स्कूटरवरून नुसता हात करायचा. एकदा भाजीबाजारात मी त्याला अडवलं. म्हटलं, "काऊन रे, घर विसरला का माझं?" तर म्हणाला, "नाई ताई, काम वाढलं." आणि हातातली मेथीची जुडी तशीच गाडीवर ठेवून निघून गेला. मी आठवडाभर डोकं खाजवलं. माझ्या तोंडून काही वावगं गेलं का? त्याच्या मुलीच्या लग्नात माझ्याकडून काही राहिलं का? काही केल्या उलगडा होईना. आणि मग जानेवारीत एका दुपारी चारच्या सुमाराला तो पाळणाघरात उभा. हातात फाईल, खांद्याला ती बाटली. त्या दुसऱ्या बाबूंची बदली झाली होती, पाहणी याच्याकडे आली होती. मला "बाई, तुम्ही" म्हणाला. मी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही.

पटावर बावीस पोरं होती. हॉलमध्ये नऊ. मी म्हटलं, थंडी आहे, साथ चालू आहे, काही गावाला गेलीत. त्यानं ऐकून घेतलं. आता खरं सांगते. महिनामहिना न येणाऱ्या पोरांची नावं मी पटावरून काढत नव्हते. मास्तरांना ही सवय असते. शाळेत पट घसरला की शिक्षकाची जागा जाते, म्हणून आम्ही पट जिवापाड जपतो. नाव आहे म्हणजे पोर आहे, ते आज ना उद्या येणारच, असं आम्हाला खरोखर वाटत असतं. खोटं करतोय असं कधी मनातही येत नाही. सलीमनं पट वाचला, पोरं मोजली, एका रांगत्या पोरानं त्याची चप्पल ओढली तेव्हा वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि गेला.

मार्चमध्ये यादी लागली. त्यात माझं पाळणाघर नव्हतं. शिवणवर्ग होता, मसालेवाल्या होत्या, कराटेसुद्धा होतं. मी तडक कचेरीत गेले आणि चार लोकांसमोर त्याला नको ते बोलले. तीस वर्षांचा चहा काढला. तुझ्या बापानं माझ्या हातात बांगड्या भरल्या, असंही काहीतरी बोलले, त्याचा तिथं काय संबंध होता कोण जाणे. तो उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही अर्जदार आहात. कारण पाहिजे असेल तर अर्ज करा, रीतसर देतो." मला वाटलं, ह्यानं माझ्या तोंडात मारली. अर्ज मी केला नाही. याच्याकडे अर्ज करायचा, आणि मी?

त्यानंतरच्या रविवारी तो घरी आला. बोलावणं नव्हतं. ओसरीवर आपल्या नेहमीच्या जागी बसला. मी तूरडाळ निवडत होते, ती निवडत राहिले. चहा ठेवला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानं दोनदा घसा खाकरला, एकदा "ताई..." म्हणाला आणि थांबला. मी मान वर केली नाही. अर्धा तास असा गेला. मग "बरं, येतो," म्हणून उठला, चप्पल घातली आणि गेला. तेच आमचं शेवटचं भेटणं. पुढे पावसाळ्यात जिनं बंद, पोरं नावाला उरली. पेन्शन घालून मी पाळणाघर रेटत राहिले, आणि ईदला त्याच्या घरून शीरखुर्म्याचा डबा आला तो शेजारणीला देऊन टाकला. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण मी तसं केलं.

मातीनंतर चार दिवसांनी त्याच्या घरी गेले. त्याची बायको, शमीमभाभी, आतल्या खोलीत बसल्या होत्या. मला पाहून रडल्या, मग एकदम म्हणाल्या, "ताई, तुमचा चहा सोडला तवापासून रोज संध्याकाळी त्यायचं डोकं दुखे. मी म्हणे, जा ना मग, पिऊन या. तर म्हणत, पाहणी माह्याकडं आली ना आता, कशी जाऊ? पाहणी झाली, यादी लागली का जाईन." मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं, आणि त्यापुढचं समजेनासं झालं. माझी पाहणी करता यावी म्हणून यानं दिवाळीपासून माझा चहा सोडला. बरं, सोडला. दुसऱ्या कोणाला पाठवायचं सोडून स्वतः आला. बरं, आला. मग एवढं सगळं काय मला नापास करायला? जीव लावणं म्हणायचं याला, की काय म्हणायचं?

नव्या हंगामाचे अर्ज निघाले तेव्हा मी पुन्हा कचेरीत गेले. त्याच्या खुर्चीवर आता साखरखेर्ड्याची एक तरुण मुलगी बसते. तिनं मला ओळखलं. म्हणाली, "काकू, मागच्या वेळी का नाही झालं ते बघून घ्या, म्हणजे या वेळी त्रुटी राहणार नाही," आणि फाईल सरळ माझ्यापुढे ठेवली. सलीमचं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. पहिल्या कागदावर माझ्या पाळणाघराची पाहणी होती: पटावर बावीस, हजर नऊ, जागा स्वच्छ, संचालिका कष्टाळू पण... आणि "पण" खोडलेलं. शेवटी, निकषाइतकी मुलं नसल्यानं यंदा शिफारस नाही. मला वाटलं संपलं. पान उलटलं तर खाली दुसरा कागद होता. त्याच दिवशीची दुसरी पाहणी, संध्याकाळी साडेसहाची, जिनाच्या आवारातली. ती करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कुठल्या नियमातही ती बसत नाही. त्यात अकरा लेकरांची नावं होती, प्रत्येकापुढे आईचं नाव, आणि ते कुठं निजलं होतं ते. ढिगाशेजारी. पोत्यावर. वजनकाट्यामागे. अकराही माझ्या पटावरची. खाली लिहिलं होतं: जिनाची पाळी सातला सुटते, केंद्र पाचला बंद होते. पाचला लेकरू न्यायला येता येत नाही म्हणून या माता ते आणतच नाहीत. केंद्राची गरज खरी आहे. वेळ सातपर्यंत केल्यास पुढील वर्षी शिफारस करावी.

मी तो कागद तीनदा वाचला. मुलीनं पाणी दिलं.

एवढं साधं होतं, आणि मला दिसलं नव्हतं. जिनापासून दोनशे पावलांवर बसून मी आयांना आळशी ठरवत होते. पण त्याहून मोठा घोळ माझ्या डोक्यात वेगळाच आहे. यानं मला एका शब्दानं सांगितलं का नाही? कचेरीत नसेल सांगायचं, नियम असेल. रस्त्यात सांगायचं, फोनवर सांगायचं. भाजीच्या गाडीपाशी कानात सांगितलं असतं तरी मी दुसऱ्या दिवशी वेळ बदलली असती. की नसती बदलली? त्याच्यावरच उलटले असते, की तू मला शाळा शिकवतोस का? कधी वाटतं, तो नियमाला इतका घट्ट बांधलेला होता की माणसापेक्षा त्याला फाईल जवळची होती. कधी वाटतं, तो अजून मला भ्यायचा, सतराच्या पाढ्यासारखा. दोन्ही गोष्टी पटतात आणि दोन्ही पटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी जिनात गेले. वंदना नावाची एक आई आहे, तिची मुलगी त्या कागदावर पहिली होती. तिला विचारलं, तुम्ही कोणीच मला का नाही सांगितलं? ती कापूस निवडत राहिली. हात न थांबवता म्हणाली, "तुमी रागावता ना, बाई." मग म्हणाली, "ते सलीमबाबू आलते. लय वेळ बसले आमच्यात, लेकरायचे नावं लिहून घेतले. आमी म्हटलं, बाईले सांगू नका, त्या आमचीच लेकरं काढून देतीन. तर म्हणे, भिऊ नका, बाईले मीच सांगतो. यादी लागू द्या म्हणे, त्याच्या आधी सांगता येत नाई. मंग येणाऱ्या रविवारीच घरी जातो आन् सांगतो."

आता पाळणाघर सातपर्यंत उघडं असतं. अकराही लेकरं येतात, आणखी चार नवी आली आहेत. अर्ज दिला आहे, पाहणी व्हायची आहे, अनुदान मिळेल की नाही ते समिती ठरवेल. पाच वाजून गेले की मदतनीस दिवा लावते, काही पोरं झोपतात, काही माझ्या पदराला लोंबकळतात, बाहेर जिनाची घरघर चालू असते. हे दोन तास त्याचे आहेत. भाभींना त्या रविवारचं मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगण्याची हिंमत होईल असं वाटत नाही. इथं बसल्या बसल्या मनात दोन वाक्यं येतात. सलीम, माझं चुकलं. आणि सलीम, मी मान वर केली नाही म्हणून काय झालं, तू सांगायचं होतंस रे. त्यातलं आधी कोणतं म्हणायचं, ते मला अजूनही ठरवता येत नाही... तोवर जिनाचा भोंगा होतो, आया लगबगीनं दारात येतात, अंगावर रुई घेऊन, आणि त्यातली एकही आता मान खाली घालत नाही.