जाहिरातीआधीचं वाक्य

माझ्या संगणकाला जोडलेलं एक छोटं काळं डबडं आहे. गच्चीवरच्या छत्रीची वायर त्यात खुपसली की टीव्हीवरचा कार्यक्रम संगणकात साठत जातो. नवरा त्याला अडगळ म्हणतो. आता सगळं फोनवर मिळतं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. असं म्हणणाऱ्या माणसांशी मी वाद घालत नाही, त्यांना कधीतरी गरज पडेल याची वाट बघते. आणि सगळं फोनवर मिळतही नाही. खुलताबादच्या माझ्या मावशीचा कार्यक्रम मिळाला नाही तो नाहीच.

गावोगावी जाऊन घरच्या बायकांकडून एखादा पदार्थ करवून घ्यायचा, असा तो कार्यक्रम होता. कुणीतरी मावशीच्या येसर आमटीचं नाव सुचवलं. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. आमच्या मराठवाड्यात त्याचा डबा भरलेला असला की दारात कितीही पाहुणे उभे राहोत, घरची बाई डगमगत नाही. कॅमेरेवाले आले, मावशी नवं लुगडं नेसून चुलीपुढं बसली आणि तिनं आमटी केली. ती आत फोडणी घालत असताना माइकवाल्या मुलीनं बाहेर ओट्यावर काकांना गाठलं.

काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांचं दोर, बादल्या, कुलपं, बिजागऱ्या असल्या वस्तूंचं दुकान आहे. माणूस इतका अबोल की गिऱ्हाइकाला भाव सांगतानाही आकडा सांगून गप्प बसतो, पुढं रुपये म्हणायचेही कष्ट घेत नाही. लग्न झाल्यापासून त्यांनी मावशीच्या स्वयंपाकाला बरं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. जेवायचं, ताटावरून उठायचं आणि दुकान गाठायचं. अशा माणसाच्या तोंडापुढं माइक धरणारी मुलगी धाडसीच म्हणायची.

कार्यक्रम लागला त्या दुपारी खुलताबादची लाइट गेली. मावशीचा कार्यक्रम उभ्या महाराष्ट्रानं पाहिला, मावशीनं सोडून. इकडं शहरात, उस्मानपुऱ्यात आमच्या घरी आई, शेजारपाजार, झाडून सगळे जमले होते. काका पडद्यावर आले मात्र, घरात एकच गिल्ला झाला. "ए गप! काका बोलायलेत! गप बसा की, काका बोलायलेत!" जो तो दुसऱ्याला गप करण्यासाठी ओरडत होता, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझ्या आईचा होता. त्या गोंधळात "लई बिघडतं" एवढे दोन शब्द आम्हाला ऐकू आले, मुलगी खळखळून हसली आणि जाहिराती लागल्या.

आईनं लगेच बहिणीला फोन लावला. आई गोड बोलण्यात पटाईत. "अगं, लई कौतुक केलं तुझं भाऊजींनी," म्हणाली. संध्याकाळी मावशीच्या शेजारच्या भाभी आल्या. त्यांच्या शहरातल्या मुलीनं कार्यक्रम पाहिला होता. "भाभी, टीवी पे भाईसाब तुम्हारा मजाक उडाए बोलके बेटी बोल री थी." झालं. एक म्हणे कौतुक केलं, दुसरी म्हणे चेष्टा केली. मावशीनं काकांनाच विचारलं, काय म्हणलात ओ तुम्ही? काका म्हणाले, "आता काय ध्यानात ऱ्हातंय?"

दुसऱ्या दिवशी मला मावशीचा फोन आला. "तुझ्या त्या डबड्यात हाय का ते? मला क्यासेट करून दे." तिच्या लेखी तबकडी, पेनड्राइव्ह, सगळी क्यासेटच. मी म्हटलं, अगं, पुढच्या खेपेला आले की माझ्या फोनवर दाखवते. तर म्हणाली, "एवढ्याशा फोनात मला दिसतंय का ऐकू येतंय? मला माझ्या टीव्हीवर बघायचं. सांगितलेलं नको मला. माझ्या कानानं ऐकायचंय, अन् म्हणताना त्यांचं तोंड कसं व्हतं ते बघायचंय." मग म्हणाली, "इतकी वर्षं रांधून घातलं. लोकांपुढं काय म्हणलं माणूस, येवढं तरी कळू दे."

मावशीच्या टीव्हीखाली एक जुना डीव्हीडी प्लेअर आहे. तिच्या मुलानं कधीकाळी नातवंडांच्या कार्टूनसाठी आणलेला. म्हणजे मला डीव्हीडी करून द्यायची होती. कोऱ्या डीव्हीडीसाठी मी पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत हिंडले. दुकानदार माझ्याकडे असे बघायचे, जणू मी रॉकेलचा स्टोव्ह मागतेय. शेवटी उस्मानपुऱ्यातच, घरापासून हाकेच्या अंतरावर, एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या अल्बमांच्या मागं धूळ खात पडलेला गठ्ठा मिळाला. "शादी का है क्या?" मालकानं विचारलं. मी म्हटलं, शादी कधीच झाली, हे त्यानंतरचं आहे.

पहिल्यांदा मी घाई केली आणि संगणकातली फाइल जशीच्या तशी डीव्हीडीवर टाकली. खुलताबादला नेऊन प्लेअरमध्ये सारली. त्यानं बराच वेळ गुरगुर केली आणि ओळख द्यायला साफ नकार दिला. काका दारात उभे होते. त्यांचा चेहरा इतका खुलला की मला संशयच आला. "नाय ना चालत? ऱ्हाऊ दे मंग," म्हणाले आणि पिशवीभर पेरू माझ्या गाडीत ठेवून दुकानात निघून गेले. पेरू गोड होते, पण मी चिडलेली होते. यंत्रानं मला हरवलेलं मला चालत नाही.

टीव्हीवरून उतरवलेली फाइल जुन्या प्लेअरला कळत नाही. त्याला समजेल अशा साच्यात ती बसवावी लागते. चित्र वेगळं तयार करायचं, आवाज वेगळा, मग दोन्हींची गाठ मारायची आणि ते सगळं तबकडीवर लिहायचं. मला हे काम मनापासून आवडतं. स्वयंपाकापेक्षा तर फारच. मी बसून जाहिरातीही कापल्या. मावशीनं आपला कार्यक्रम साबण आणि सिमेंटच्या मधून वेचून का बघावा? ब्रेकचं संगीत सुरू झालं की तिथं कात्री, कार्यक्रम परत सुरू झाला की तिथून पुढं जोड. काम असं नीटनेटकं झालं की मी स्वतःवरच खूश झाले.

ही दुसरी डीव्हीडी चालली. फक्त चित्राचं माप चुकलं होतं. रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबलं गेल्यामुळं सगळी माणसं उभी ताणलेली दिसत होती. मावशी ओरडली, "अगं बाई, मी काय येवढी वाळली व्हती का?" चूल उंच, पातेलं उंच, दारातली शेळीसुद्धा उंच. काकांना मात्र आपण पडद्यावर ऐटदार दिसतोय हे पसंत पडलेलं दिसलं. ते चक्क आत येऊन टेकले. आम्ही हसत होतो. मावशीनं पदरानं डोळे पुसले, हसूनच.

मग ओटा आला. मुलीनं विचारलं, "काका, अगदी खरं सांगायचं हं. काकूंच्या हातचं कधी बिघडतं का हो?" काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "बिघडतं की. लई बिघडतं." मुलगी हसली आणि लगेच मावशी आमटी ढवळताना दिसायला लागली. माझी जोड इतकी बेमालूम होती.

मावशीनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला. पुढची आमटी तिनं पाहिलीच नाही. "बरं झालं, कळलं," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. आतून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. मला काकांचा असा राग आला की नात्याचा मान मध्ये नसता तर मी तोंडावर बोलले असते. तरी म्हटलंच, काका, असं बोलतात होय चारचौघांत?

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "पुढं व्हतं काहीतरी."

"काय होतं? मग सांगा ना तिला."

"मला नाय येत ते बोलायला," काका म्हणाले. "ती पोरगी इचारत व्हती, निघून गेलं तोंडातून." आणि चपला घालून ते दुकानात गेले. मावशी तीन कप घेऊन बाहेर आली, तर काकांची जागा रिकामी. तिनं तो कप तसाच परत आत नेला.

शहराकडे परत घाट उतरताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं. पुढं व्हतं काहीतरी. घरी आल्याआल्या पर्स खांद्यावरून न काढता मी संगणक लावला. मूळ फाइल होती, जाहिरातींसकट. जिथं मी कात्री लावली होती तिथं आले. मुलगी हसते, ब्रेकचं संगीत वाजायला लागतं, "लवकरच परत येतोय" अशी पाटी खालून वर सरकते. आणि त्या पाटीच्या मागं काकांचे ओठ अजून हलत होते! मी कानांत हेडफोन घातला आणि आवाज चढवला. संगीताच्या ढणढणाटाखाली, अगदी बारीक, पण होतं. काका त्या मुलीकडे बघतच नव्हते. आत, चुलीच्या दिशेला बघत होते.

"तिच्या मनाला काही लागलं का मीठ जास्ती पडतं. ती काय सांगत नाय. मला आमटीत कळतं. मंग मी त्या दिवशी दुकान लवकर बंद करतो."

मी ते पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा ऐकलं. मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आणि पाठोपाठ त्या चॅनेलवाल्यांचा संताप आला. एका माणसानं आयुष्यात एकदा तोंड उघडावं आणि यांनी त्याच्या तोंडावर साबण आणून आपटावा! नवरा विचारायला लागला, काय झालं? मी हेडफोन त्याच्या कानाला लावला. त्यानं ऐकलं आणि त्या रात्री भाजीत मीठ कसं आहे ते दोनदा सांगितलं. बरोबर आहे म्हणाला. आमच्या डबड्याला तो त्यानंतर काही दिवस अडगळ म्हणाला नाही.

तिसरी डीव्हीडी करायला मी सुट्टी घेतली. माणसं आपल्या मूळ उंचीवर आणली. जाहिराती कापल्या, पण त्या ब्रेकला हात लावला नाही. पाटी, संगीत, काकांचं वाक्य, सगळं राहू दिलं, फक्त तेवढ्या तुकड्याचा आवाज वाढवला. आणि खाली काकांचे शब्द अक्षरांत लिहून घालावेत असं आधी मनात आलं होतं, ते काढून टाकलं. तिला तिच्या कानानं ऐकायचं होतं. मध्ये लुडबुडणारी मी कोण? डीव्हीडी सुरू होताना येणाऱ्या पडद्यावर मात्र दोन बटणं केली. एकावर लिहिलं "पूर्ण कार्यक्रम" आणि दुसऱ्यावर नुसतं "काका".

मावशीला मी फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. क्यासेट दुरुस्त करून आणतेय, एवढंच. "आता कशाला?" म्हणाली. गेले तेव्हा ती भाकरी थापत होती आणि काका जेवायला आलेले. मी प्लेअरमध्ये तबकडी घातली तसे ते अर्ध्या जेवणावरून उठायला लागले. "बसा," मावशी म्हणाली. तिचा तो आवाज मीही लहानपणी ऐकलेला आहे. काका बसले.

मी दुसरं बटण दाबलं. तोच ओटा, तोच प्रश्न, तेच "लई बिघडतं". मावशीचा हात परातीत थांबला. ती मुलगी हसली, संगीत सुरू झालं, पाटी वर सरकली आणि तिच्या मागून काकांचा आवाज घरभर आला. पडद्यावरचे काका चुलीच्या दिशेला बघत बोलत होते आणि खाली बसलेले काका ताटातल्या भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत होते.

"परत लाव," मावशी म्हणाली.

मी परत लावलं. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास सुटला, कुणी उठलं नाही. मावशी पिठाच्या हातांनी तशीच उठून पुढं आली आणि टीव्हीच्या अगदी जवळ, लहान मुलं बसतात तशी बसली. तिनं पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग ती काकांकडे वळली.

"गिऱ्हाईक नसायचं म्हणून नव्हता येत लवकर घरी तुम्ही?"

काकांनी नाही अशी मान हलवली.

"अन् मी येडी," मावशीचा आवाज फाटला, "त्याच दिवशी तुम्हाला जास्ती बोलायची. आधीच डोकं उठलेलं, त्यात हे लवकर येऊन बसले म्हणून. किती तोंडसुख घेतलं असंल म्या तुमच्यावर! कधी उलटून बोलला नाहीत. कामून नाय सांगितलं?"

काकांनी भाकरीचे तुकडे ताटाच्या कडेला सारले. मग म्हणाले, "तुला बोलायला कुणी पाहिजे व्हतं ना. त्याच्यासाठीच तर यायचो."