मूठभर मुरमुरे

माझी गाडी गावात शिरली की बाळांच्या हातातली बिस्किटं पदराआड जातात. मला ते दिसतं. नर्स म्हणून मी वीस वर्षं याच भागातल्या गावांत फिरते आहे, आणि माझ्या नाकावर राग असतो हे मला कोणी सांगायला नको. बाळाचं वजन करायचं, आईला विचारायचं, "काय खातो हा?" आणि दरवेळी तेच उत्तर ऐकायचं. "सगळं खाते मॅडम." ज्याला सहा महिने नुसतं आईचं दूध हवं, अशा चार महिन्यांच्या बाळाची आईसुद्धा कौतुकानं सांगते, सगळं खाते. हे 'सगळं' कानावर पडलं की माझं डोकं फिरतं आणि मग पुढची दहा मिनिटं मी कोणाला बोलू देत नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझी चांगली जिरली.

ससा माझ्या मुलीचा. बारावीचा निकाल लागला तेव्हा तिनं बक्षीस म्हणून मोबाइल मागितला नाही, ससा मागितला. गोंदियाच्या बाजारात एका पिंजऱ्यात सातआठ पिल्लं दाटीवाटीनं बसली होती. तिनं पांढरा उचलला, एक कान काळा असलेला. "खाता क्या है ये?" असं मी विचारलं, तर विकणारा म्हणाला, "सब खाता है दीदी, कोई टेंशन नहीं." त्या दिवशी या वाक्यावर माझं डोकं का फिरलं नाही, कोण जाणे.

सौंदडला आमचं घर स्टेशनपासून जवळच आहे. घरात मी, नवरा, सासूबाई आणि मुलगी. नवऱ्याचं मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान, तेही घरालाच लागून. सासूबाई मूळच्या केशोरीकडच्या, बोलायला फटकळ. त्यांनी पिल्लाकडे एकदा बघितलं आणि निकाल दिला, "ससा एक तं जंगलात राहते, नाही तं गंजात. घरात कायले पायजे?" गंज म्हणजे आमच्याकडचं रश्श्याचं पातेलं. मुलगी रडायला लागली. मीही मनातून सासूबाईंच्याच बाजूची होते. पण बाहेर ठेवायचा तर मांजरं, कुत्री आणि आमच्याकडचा उन्हाळा. मग ठरलं, ससा घरातच राहील.

दोन महिन्यांत मुलगी नागपूरला कॉलेजात गेली. हॉस्टेलवर ससा चालत नाही. गाडीत बसताना तिनं ना कपड्यांचं विचारलं ना डब्याचं. एवढंच म्हणाली, "आई, दिवाळीला मी येईन तेव्हा तो असला पाहिजे." मी म्हटलं, "असेल गं." बाळं सांभाळण्याचा पगार घेते मी, एक ससा काय अवघड?

आणि खरंच, मी त्याला असा वळणावर आणला की बघत राहावं. राइस मिलमधून धानाचा भुसा पोतंभर आणला, एका जुन्या ट्रेमध्ये पसरला आणि दिवाणाच्या कोपऱ्यात ठेवला. आठ दिवसांत गडी लेंड्या टाकायला तिथंच जायला लागला. चार्जरच्या दोन वायरी कुरतडल्या, माझ्या एका चपलेचा पट्टा खाल्ला, पण फरशी त्यानंतर कधी घाण केली नाही. दुपारी तो फ्रिजच्या बाजूला पाय ताणून पडायचा. मी ड्यूटीवरून आले की माझ्या पायांभोवती दोन चकरा मारायचा. असं स्वागत घरातल्या दुसऱ्या कोणी कधी केलं नव्हतं.

सगळ्यात मजा मुरमुऱ्यांची. आमच्याकडे मुरमुरे नाहीत असं घर नाही. डब्याचं झाकण वाजलं की साहेब घरात कुठेही असोत, कान टवकारून हजर. संध्याकाळी मी चहा घ्यायची आणि एक मूठ मुरमुरे त्याच्यासमोर फरशीवर ठेवायची. तो इतक्या भराभरा खायचा की बघून माझं पोट भरायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी अभिमानानं सांगायची, याचे काही नखरे नाहीत, सगळं खातो.

पोळा होऊन गेला होता. रविवार होता, मी सकाळी विहारात जायला तयार होऊन ट्रे साफ करायला वाकले, तर ट्रे कोरा. एकही लेंडी नाही. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, चला, आज एक काम वाचलं. मग तो दिसला. दिवाणाखाली पाठीला पोक काढून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, आणि आतून करकर आवाज येत होता. दात खात होता तो. मी डब्याचं झाकण वाजवलं. तो हलला नाही. मुरमुरे पार नाकाशी नेले, तर त्यानं तोंड फिरवलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुखणारं बाळ मी ओळखते, मग ते सशाचं का असेना.

भाजीच्या टोपलीत टॉवेल अंथरला, त्याला ठेवला, आणि नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. रविवार असूनही डॉक्टर भेटले, हे नशीब. दारात दोन शेळ्या आणि एक वासरू आमच्या आधी. वासराचा मालक टोपलीत डोकावून म्हणाला, "ससा दवाखान्यात? याले का झालं?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो वासराकडे वळला.

डॉक्टर तरुण होते, माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी सशाचं पोट हलक्या हातानं दाबून बघितलं, वजन विचारलं. वजन मी ग्रॅममध्ये सांगितलं, दर रविवारी करत होते ना. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी विचारलं, "काय खातो हा?"

आणि मी म्हटलं, "सगळं खातो."

माझ्याच तोंडून निघालं ते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सगळं म्हणजे काय, ताई?" मी सांगत गेले. मुरमुरे, कधी पोहे, कधी पोळीचा तुकडा, भाताचं शीत, गाजर. "आणि गवत?" गवत अधूनमधून, कोणी आणलं तर. मग डॉक्टर दहा मिनिटं बोलले आणि मला बोलू दिलं नाही. सशाचं पोट गवतावर चालतं. दिवसभर गवत आत गेलं तरच ते पुढे सरकतं. मुरमुऱ्यानं पोट भरतं आणि आतडं थांबतं, आणि आतडं थांबलं की ससा एकदोन दिवसांतही जातो. "तुम्ही नर्स ना?" असं त्यांनी शेवटी विचारलं. मी मान खाली घालून उभी होते. माझ्या समोर बाया कशा उभ्या राहत असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टर माणूस प्रामाणिक होता. म्हणाले, मी रोज गाईबैल बघतो, ससा क्वचितच येतो. त्यांनी नागपूरच्या एका मैत्रिणीला फोन लावला, डोस विचारून घेतला आणि दोन इंजेक्शनं दिली. मला सुई नसलेली सिरिंज दिली. गवत वाटून, पाण्यात कालवून, थोडं थोडं, दर दोन तासांनी. त्याला उबेत ठेवा, पण पडून राहू देऊ नका. आणि उद्या संध्याकाळपर्यंत लेंडी पडली तर जिंकलो. नाही पडली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी आले ती तावातावानं. आल्या आल्या सासूबाईंवर धावले. "आई, तुम्ही याला मुरमुरे देता?" सासूबाई जराही डगमगल्या नाहीत. "देतो ना. सकारी एक मूठ. एका मुठीनं का होते?" नवरा दारातच चपला काढत होता, तो काढायचा थांबला. "मी पण दुपारी देतो. दुकानातून जेवायला आलो की. एकच मूठ." तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला, ती रोज त्याला बघायला करायची. तिच्यापासून लपवावं असं क्षणभर मनात आलं, पण माझा चेहरा बघूनच तिला कळलं. मी सगळं सांगितलं. ती रडत म्हणाली, "मी आजीला सांगितलं होतं, माझ्या नावानं रोज एक मूठ देत जा." म्हणजे सासूबाईंच्या दोन. नवऱ्याची एक. मी चौथं बोट मोडून थांबले. तिघंही माझ्याकडे बघत होते, एकजण फोनमधून.

"संध्याकाळी मी देते," मी म्हटलं. "आणि सकाळी निघतानासुद्धा एक."

पाच मुठी. त्या दोनअडीच किलोच्या जिवाला रोज पाच मुठी, आणि प्रत्येकाची एकच.

सासूबाई उठल्या, विळा घेतला. मी म्हटलं, समोर धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, भरपूर गवत आहे, तिथलंच आणा. "त्या धुऱ्यावर परवाच फवारा मारला," त्या म्हणाल्या. "थो गवत देशीन तं आजच मारशीन त्याले." आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई दुपारच्या उन्हात गावाबाहेरच्या बोडीपर्यंत गेली, तळ्याच्या पाळीवरची कोवळी हरळी ओटाभर घेऊन आली. गंजात जावा म्हणणारी हीच.

मी हरळी धुतली, वाटली, सिरिंजमध्ये भरली. पहिला घास त्यानं माझ्या तोंडावर उडवला. दुसराही. पण कमी वजनाची, दूध ओढायला दमणारी बाळं मी वाटीचमच्यानं जगवली आहेत, थेंबाथेंबानं. गालाच्या कडेनं सिरिंज सरकवायची, एक थेंब, थांबायचं, गिळला का बघायचं, पुन्हा एक थेंब. सशानं तिसरा घास गिळला. सासूबाई त्याच्या मागे मागे खोलीभर हळूहळू चालत होत्या, हातानं टाळी वाजवत, "चाल ना बापा, चाल." तो चार पावलं टाकायचा, बसायचा. त्या पुन्हा टाळी वाजवायच्या.

सोमवारी मी रजा टाकली. सशासाठी रजा, असं अर्जात लिहिता येत नाही, म्हणून 'घरगुती कारण' लिहिलं. सकाळी ट्रे कोरा. दुपारी जेवणाच्या वेळीही कोरा. मुलगी क्लासमधून दर तासाला मेसेज करत होती, "पडली का?" मी प्रत्येक वेळी "नाही" असं लिहीत होते, आणि प्रत्येक वेळी ते लिहिणं अवघड होत होतं. दिवाळीला तो असेल, असं मी म्हटलं होतं. मला ते खोटं पाडायचं नव्हतं. ससा माझा नाही वगैरे मी तोवर म्हणत आले होते, पण त्या दुपारी मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि तो माझाच होता.

चारच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात हरळी वाटत होते. आतून सासूबाईंची हाक आली, अशी की मला वाटलं संपलं.

"अवो! येजो इकडं लवकर! पडली!"

पळत गेले. दिवाणाजवळ फरशीवर मिरीएवढी एक लेंडी. कडक, काळी, वेडीवाकडी. वळण लागल्यापासून ट्रेच्या बाहेर पडलेली त्याची पहिली लेंडी, आणि मला ती पुसायची अजिबात घाई नव्हती. आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून ती बघत होतो. नवरा दुकानातून धावत आला, त्याच्या मागे झेरॉक्स काढायला आलेले दोघं आले. तेवढ्यात दुसरी पडली. मग तिसरी! झेरॉक्सवाल्यांना काय चाललंय ते कळेना, पण तेही हसायला लागले. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच नाक ओढून म्हणाल्या, "आता कोनी मुरमुऱ्याच्या डब्याले हात लावला तं हात तोडीन." मी फोटो काढून मुलीला पाठवला. लेंडीचा फोटो बघून कोणी इतकं आनंदानं किंचाळू शकतं, हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, तर ते पलीकडून ओरडले, "जिंकलो, ताई!"

संध्याकाळी त्यानं आपणहून हरळीची एक काडी उचलली आणि कचकच चावली. तो आवाज आजही माझ्या कानात आहे. जिवात जीव आला माझ्या.

तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी बोडीवर जातात. दिवाळीला मुलगी आली तेव्हा तिच्या पायांभोवती त्यानं चकरा मारल्या, मग उंच उडी घेऊन हवेतच वळला. मी शब्द पाळला होता. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

पण आणखी एक झालं, आणि तेही सांगायला हवं. ससा बरा झाला त्याच आठवड्यात एका गावात लसीकरण होतं. बाया ओसरीवर बसल्या होत्या. बिस्किटं पदराआड गेली. मी नेहमीसारखा तराजू अडकवला, आणि का कोण जाणे, आधी सशाची गोष्ट सांगितली. पाच मुठींची. डॉक्टर मला कसं बोलले, तेही. बाया आधी एकमेकींकडे बघायला लागल्या, मग एकीला हसू फुटलं आणि सगळ्याच पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले.

मग पाच महिन्यांचं बाळ घेऊन एक पोरगी पुढे आली. वजन गेल्या वेळेपेक्षा कमी भरलं. मी विचारलं, "काय खातो हा?"

तिनं पदराआडून ओलं बिस्कीट काढून माझ्यासमोर धरलं. "एक बिस्कुट देतो मॅडम. त्याची आजी पन एक देते. मंग नणंद कधीमधी च्या पाजते." आणि माझ्या रागाची वाट बघत उभी राहिली.

वीस वर्षांत पहिल्यांदा मला खरं उत्तर मिळालं होतं. मी तिला शेजारी बसवलं, बाळ माझ्या मांडीवर घेतलं.

"माझ्या घरी पाच मुठी निघाल्या होत्या," मी म्हटलं. "चल, तुझ्या घरच्या मोजू."